ओ देती चार भिंती

खाण गात होती.

जीपमधून उतरल्यावर भार्गवीला पहिल्यांदा तसंच वाटलं. माळ सपाट, पांढरट, बोरीबाभळींचा. डिसेंबरचं ऊन अजून कोवळं. आणि त्या सपाटीला मधेच कुणीतरी सुरी घालून फोड काढावी तशी ती बंद पडलेली दगडाची खाण. त्या फोडीतून एक लांबट 'ओऽऽ' वर येत होता. पूर्वेकडून आला म्हणून ती पूर्वेकडे वळली, तोवर तो पश्चिमेकडून आला. मग पायाखालून आला. मग सगळीकडूनच आला आणि शेवटी कुठूनच नाही.

"ऐकलंत?" बिरप्पा म्हणाला. "तात्या हाय तो. कालच्या सांजपासनं वरडतोय. पन कुटनं वरडतोय त्येच कळंना."

तासाभरापूर्वी याच बिरप्पानं वळसंगच्या रस्त्यावर हात आडवा करून जीप थांबवली होती. भार्गवीचं काम चालू खाणींवरून कॅमेऱ्याचा ड्रोन उडवायचं, किती दगड निघाला ते मोजून द्यायचं. आदल्या दिवशी मेंढरामागून जाताना बिरप्पानं तो आकाशात फिरताना पाहिला होता. "मॅडम, तुमचं ते उडतं मशीन मानूस हुडकतं का?" एवढंच त्यानं विचारलं. "समोर आला तर दाखवतं," एवढंच ती म्हणाली. आणि दोघांनीही त्याला वचन मानलं.

झालं होतं ते असं. काल दिवस मावळताना बिरप्पाच्या तात्याची, म्हणजे त्याच्या चुलत्या धुळाप्पाची, एक गाभण मेंढी खाणीच्या जुन्या ट्रकरस्त्यावरून खाली घरंगळत गेली. धुळाप्पा पासष्टीचा, पण मेंढीमागं जाताना वय कोण विचारतो. तो खाली उतरला आणि त्याच्यामागं तो रस्ताच खचला. धूळ उठली, धूळ बसली, मग हा आवाज सुरू झाला. रात्री बिरप्पा आणि वस्तीवरची माणसं विजेऱ्या घेऊन काठाकाठानं फिरली. कुणाच्या तरी पायाखालचा मुरमाचा ढेपसा सुटला आणि खाली गेला. त्यानंतर अर्धा तास खाण गप्प होती. तो अर्धा तास संपला तेव्हा धुळाप्पाची बायको, बिरप्पाची चुलती म्हाळसाबाई, सगळ्यांना एकच वाक्य बोलली होती: "आता कुनी काठाला जायाचं न्हाय."

सोलापुरातून अग्निशमनची गाडी निघाली होती. फोनवर त्यांनीही पहिला प्रश्न तोच केला, माणूस नक्की कुठल्या बाजूला आहे? कारण दोर सोडायचा तर त्याच्या डोक्यावर उभं राहून चालणार नव्हतं. वर बहुतेक मुरूम. चुकीच्या जागी चार माणसं उभी राहिली, तर दोर पोचायच्या आधी दगड पोचायचा. वीस परस, म्हणजे वीस माणसं एकावर एक उभी राहावीत एवढी खोल खाण, चार भिंती, प्रत्येक भिंतीला कपारी, कंगोरे, सावल्या. आणि आवाज चौघींचा.

"दर टायमाला आवाज जरा बारीक होतोय," म्हाळसाबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, पायाशी पाण्याची कळशी. कालपासून ती कळशी तिनं स्वतःसाठी एकदाही उचलली नव्हती.

भार्गवीनं उभं राहायला पश्चिमेचा काठ निवडला, कारण तिथं मुरूम नव्हता, अखंड काळा दगड होता. तिचा जोडीदार अजिनाथ मोहोळचा, जीप चालवायचा आणि ड्रोन उडत असताना त्याच्यावर नजर ठेवायचा. त्यानं तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक जीपच्या हुकात अडकवलं.

"तुमी गेलात तर जीप येणार, जीप गेली तर मी येणार," तो म्हणाला. "तवा जरा मागंच ऱ्हावा."

"तू स्क्रीनकडे बघायचं नाहीस."

"न्हाय बघत."

"मागच्या वेळेलाही हेच म्हणालास. स्क्रीन माझी, ड्रोन तुझा. तो भिंतीजवळ दोन जीपांच्या आत आला की ओरडायचं. पाखरू दिसलं की ओरडायचं."

"आनि तात्या दिसला तर?"

"तर आधी ड्रोन कुठं आहे ते सांगायचं, मग तात्या."

खोल खाणीत उतरायचे तिचे थोडे नियम होते आणि प्रत्येक नियमामागं एक मोडलेला पंखा होता. मधोमध उतरायचं, भिंतीच्या कडेनं नाही. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की जे चाललंय ते सोडून वर. आणि 'परत घरी'चं बटण खाणीत दाबायचं नाही, काही झालं तरी. ते बटण दाबलं की यंत्र आहे तिथून सरळ वर उठतं. वर आकाश आहे असं त्याला वाटत असतं. खाणीत वर कंगोरा असतो.

चटईवर ड्रोन ठेवल्याबरोबर बिरप्पानं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत त्याच्यावर उधळला. भार्गवीला याची सवय होती. कुठं नारळ फुटायचा, कुठं कुंकू लागायचं. तिनं ब्रश घेऊन पंखे झटकले, कॅमेऱ्याची काच पुसली आणि दोराची गाठ पुन्हा एकदा तपासायला अजिनाथकडं वळली.

तेवढ्यात म्हाळसाबाई उठून चटईपाशी आली.

"ह्ये जातंय व्हय खाली?"

"हेच," अजिनाथ गाठीवरून मान न उचलता म्हणाला.

ती त्या यंत्राकडं पाहत राहिली. केवढंसं ते. एका दिवसाच्या कोकरापेक्षा हलकं. आपल्या माणसासाठी जो खोल जागी उतरतो त्याच्या पाया पडायचं असतं. विहिरीत उतरणाऱ्याच्या पडतात, तसंच. तिनं ते यंत्र दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं, डोळे पुसून ओली झालेली बोटं भंडाऱ्यात बुडवली आणि त्याच्या पायांना आणि पोटाला भंडारा लावला. नीट, चोळून. मग होतं तसं ठेवून दिलं.

भार्गवीनं वळून पाहिलं तेव्हा ड्रोन जागेवर होता आणि म्हाळसाबाई हात जोडून उभी होती. "चला," भार्गवी म्हणाली.

ड्रोन उठला, खाणीच्या मधोमध गेला आणि विहिरीत बादली सोडावी तसा खाली उतरू लागला. वर असताना त्याला सतरा उपग्रह दिसत होते. पाच परस खाली गेल्यावर नऊ. दहा परसांवर पाच. खोल खाणीतून आकाश ताटलीएवढं दिसतं आणि त्या ताटलीत मावतील तेवढेच उपग्रह. तिला हे ठाऊक होतं. अशा वेळी ड्रोन खालची जमीन पाहून आपली जागा धरून ठेवतो, हेही ठाऊक होतं.

त्यानं जागा धरली नाही.

तिनं दोन्ही अंगठे काढून घेतले तरी तो सरकत राहिला. उत्तरेकडे, सावकाश, झोपेत चालल्यासारखा. तिनं त्याला मागं ओढलं. तो आला आणि मग पूर्वेकडे सरकू लागला.

"वारं आहे का खाली?"

अजिनाथनं काठावरचं वाळलेलं गवत चुरून खाली सोडलं. काड्या सरळ गेल्या. "पान हालंना, मॅडम."

मग होकायंत्र? या काळ्या दगडात लोह असतं, त्यानं दिशा बिघडते. पण दिशा बरोबर दाखवत होती. मग रिमोट? मग मीच? तिनं स्वतःच्या अंगठ्यांकडं पाहिलं. तीन वर्षं ज्या अंगठ्यांवर भरवसा होता ते तिला एकदम दुसऱ्या कुणाचे वाटले. खालून 'ओऽऽ' आला, चारी भिंतींनी तो एकमेकींकडं फेकला, आणि त्या गलक्यात तिला आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत हेच क्षणभर कळेना.

"मॅडम, त्ये काळं काय हाय?"

अजिनाथनं स्क्रीनकडं पाहिलं होतं. तिनंही पाहिलं. दोघांनीही पाहिलं, म्हणजे ड्रोनकडं कुणीच पाहत नव्हतं. फटकन आवाज झाला, भिंतीतून पन्नास-साठ पारवे एकदम बाहेर फुटले आणि स्क्रीनवर नुसता दगड दिसू लागला, हात लावावा इतका जवळ.

"भित्त! भित्त! मॅडम, घरी! घरीचं बटन दाबा!"

अंगठा तिकडं गेलाही. पण स्क्रीनच्या वरच्या कडेला दगडाचा कंगोरा आडवा आला होता, पागोळीसारखा. ड्रोन बरोबर त्याच्याखाली होता. तिनं बटण सोडलं, अंगठ्याखालची दांडी मागं ओढली, यंत्र धडपडत मधे आलं आणि मग सरळ वर, ताटलीएवढ्या आकाशाकडं. ते चटईवर उतरलं तेव्हा ती अजिनाथकडं वळली.

"तुला सांगितलं होतं स्क्रीनकडे बघू नको."

"चुकलं. पन काळं काय तरी व्हतं, आईशप्पत."

तिनं ड्रोन उलटा केला. पोट पिवळंधमक. पोटाला दोन बारीक भिंगं होती, मोहरीएवढी, आणि दोन्हींवर भंडाऱ्याचा लेप वाळला होता. ती बघत राहिली. आधी काहीच कळेना, मग एकदम सगळं कळलं.

"हे कुणी..."

म्हाळसाबाई पुढं आली. तिनं पोट पाहिलं, मग भार्गवीचं तोंड पाहिलं. "म्या लावला. पायाला. का गं पोरी?"

"इथं त्याचे डोळे आहेत, आजी. जमीन बघायचे."

"पोटाला डोळे?"

"हो."

म्हाळसाबाई मटकन खाली बसली. "म्हंजी त्येंला हुडकायला जायाचं, आनि म्याच डोळं बांदलं त्येचं," ती म्हणाली. कुणाला नव्हे, आपल्याच बोटांना. बिरप्पा तिच्यावर तडकणार होता. त्याचं तोंड उघडलं होतं.

"चूक माझी आहे," भार्गवी म्हणाली. "उडवण्याआधी पोट बघायचं असतं. मी बघितलं नाही." तिनं डबीतलं कापड काढलं, थोडं ओलं केलं. म्हाळसाबाईनं ते तिच्या हातातून घेतलं. कोकराच्या नाकातला चिकटा पुसावा तशी ती ते दोन मोहरीएवढे डोळे पुसत बसली. पुसताना तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं. जात्यावरचा सूर, पण शब्द आत्ताचेच होते:

पांढऱ्या उन्हामंदी काळ्या दगडाचं दार,
हाक मारते एकाला, गं बाई, ओ देती चार.

"झालं बग," ती म्हणाली. "आता दिसंल का त्येला?"

"दिसेल."

दुसरी बॅटरी लावून ड्रोन पुन्हा उतरला. दहा परसांवर तिनं अंगठे काढून घेतले. तो हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. भार्गवीनं कॅमेरा हळूच पश्चिमेच्या भिंतीकडं, म्हणजे स्वतःच्याच पायांखाली, वळवला. त्या भिंतीवर सकाळचं ऊन होतं. आणि तिथं, तळापासून चार-पाच परसांवर, भिंतीभिंतीनं फिरत गेलेल्या एका रुंद टप्प्यावर ते काळं होतं.

घोंगडं.

"सापडला!" बिरप्पा ओरडला. "तात्या! तात्या हितं हाय! दोर आना रं काठाला!" तो निघालाही. वस्तीवरची दोघंजण दोराचं वेटोळं उचलून त्याच्यामागं पळाली.

पण भार्गवीला ते पटेना. घोंगडं हलत नव्हतं. आवाज तर चालू होता. आवाज येत असताना आवाज करणारा एवढा निश्चल कसा? की तो दुसराच कुणी? की आवाजच उशिरा पोचतोय, एवढ्याशा खाणीत? 

"आजी, इकडे या. हे त्यांचंच ना?"

म्हाळसाबाईनं स्क्रीनवर कपाळ टेकेल इतकं वाकून पाहिलं. "घोंगडं त्येंचंच. पन त्ये न्हायत त्यात."

"कशावरून?"

"कोपऱ्यावर काय हाय बग."

भार्गवीनं चित्र मोठं केलं. घोंगड्याच्या चारी कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवलेला होता.

"मेंढी याली की तिच्यावर असं घालत्यात. वाऱ्यानं उडू ने म्हनून दगड. आनि तोंड उगडं ठेवत्यात. आत बसलेल्या मानसाला चारी कोपऱ्यावर दगड ठेवता येतील व्हय? त्यो भायेर ऱ्हाऊनच ठेवनार की." ती सरळ झाली. "मेंढी याली ततं. घोंगडं तिला दिलं आनि सवता गेलं कुटंतरी, वाट हुडकाया. अंदारात."

जणू तिला दुजोरा द्यावा तसं घोंगड्याच्या एका कडेनं एक पांढरं नाक बाहेर आलं, उन्हात थोडं हललं, आणि आत गेलं.

"बिरप्पा!" अजिनाथनं हाक मारली. "थांबा! मेंढी हाय ती! मानूस दुसरीकडंच हाय!"

बिरप्पा परत आला. दोर खांद्यावर, चेहऱ्यावर राग आणि रडू यांची नुसती खिचडी. "मग कुटं? कुटं सोडू दोर, सांगा कुनीतरी!"

उरल्या तीन भिंती. त्यातली पूर्वेची पूर्ण सावलीत, काळ्यावर काळी, कंगोरे आणि कपारी एकात एक मिसळलेल्या. बॅटरी सत्तर. एवढ्या भिंती ओळीनं बघायला पुरणार नव्हती, आणि सावलीतला माणूस समोर असूनही दिसला नाही तर? "त्यांनाच सांगता आलं पाहिजे," भार्गवी म्हणाली. "ड्रोन समोर आला की ओरडा, नाहीतर ओरडू नका. एवढं कळलं त्यांना, तर ड्रोन जिथं असेल तिथं ते."

बिरप्पानं दोन्ही हात तोंडाशी नेले. "तात्याऽऽ! मशीऽन समोर आलं कीऽ वरडाऽऽ!" खाणीनं ते वाक्य घेतलं, तोडलं, तुकडे एकमेकांवर रचले आणि 'शीऽन... राऽ... मोऽर... आऽऽ' असं काहीतरी परत केलं. खालून उत्तर आलं. तेही तसंच. वस्तीवरची माणसंही ओरडू लागली. कुणी म्हणे मशीन, कुणी म्हणे दोर, कुणी म्हणे गप ऱ्हावा. गुरांच्या बाजारात पाऊस आल्यावर होतं तसं झालं.

"गप बसा समदी!" म्हाळसाबाई म्हणाली.

सगळे गप्प बसले.

"पोरी, तुजं ह्ये मशीन हळू चालंल का? मेंढरागत?"

"चालेल."

"एका वाटंनं? मधीच इकडं तिकडं न करता?"

"हो. पण का?"

"टेकाडाच्या अल्याड मी आसते, पल्याड त्ये आसत्यात," म्हाळसाबाई सांगू लागली. घाईनं नाही, चुलीपुढं बसून सांगावं तसं. "मदी टेकाड, एकमेकाला दिसत न्हाय. मी मेंढरं सोडली की हाळी देते. लांब, शेवटाला खाली पडनारी. ती ऐकली की त्येंनी गप बसायचं. बोलायचं न्हाय, शीळ घालायची न्हाय, मेंढरं बुजत्यात. म्होरली मेंढी डोळ्यानं दिसली की मग दोन बारक्या हाळ्या. दिसली म्हनून. चाळीस वरसं झाली. हाळीत शबुद न्हाय, म्हनून मोडायला बी काय न्हाय."

भार्गवीला आधी नीट उमगलं नाही. मग अजिनाथच हळूच म्हणाला, "मॅडम, ड्रोन म्हंजी मेंढी."

ड्रोन तिनं पूर्वेच्या भिंतीच्या उत्तर टोकाला नेऊन उभा केला, भिंतीपासून दोन जीपांवर. म्हाळसाबाई काळ्या दगडावर उभी राहिली, पदर खोचला, आणि तिनं हाळी दिली. आवाज म्हातारा नव्हता. लांब गेला, ताणला, आणि शेवटाला माळावरून उतरणाऱ्या पायवाटेसारखा खाली आला. चारी भिंतींनी तो फिरवला, पण फिरवूनही तो तसाच राहिला. लांब, आणि शेवटाला खाली.

आणि खालचा 'ओऽऽ' थांबला.

रात्रीच्या त्या अर्ध्या तासानंतर न थांबलेला आवाज थांबला, तेव्हा माळावरचं सगळं ऐकू येऊ लागलं. लांब रस्त्यावरचा ट्रक. ड्रोनची गुणगुण. बिरप्पाच्या नाकाचा सूं सूं. एक मिनिट झालं. दोन झाली.

"काकी," बिरप्पा कुजबुजला, "गेला गं तात्या. आवाज बंद झाला."

"बंद न्हाय झाला. वाट बगतोय."

"कशावरनं?"

 तिचे ओठ इतके घट्ट मिटले होते की भार्गवीला वाटलं, तिलाही ठाऊक नाही.

ड्रोन चालू लागला. पुढच्या मेंढीच्या चालीनं, उत्तरेकडून दक्षिणेकडं, सावलीतून. बॅटरी एकसष्ट. छप्पन्न. स्क्रीनवर नुसता अंधार आणि मधूनच ओलाव्याची रेघ. दक्षिण टोक आलं. काहीच नाही. एकावन्न. तिनं दोन परस खाली उतरवून तो परत उत्तरेकडं वळवला. अजिनाथ एका सुरात सांगत होता, आता स्क्रीनकडं न बघता: "दोन जीपा. दोन जीपा. दीड... मागं घ्या. दोन जीपा." सत्तेचाळीस. त्रेचाळीस. चाळीसला वर यायचं, हा तिचाच नियम. चाळीसला नाही आले तर? बॅटरी बदलून परत येईपर्यंत तो शुद्धीवर राहील? नियम मोडून एकदा तिचा ड्रोन पाण्यात गेला होता. पण तेव्हा खाली माणूस नव्हता. आणि ड्रोन पडला तर या माणसापाशी जायला दुसरं काय होतं? वर यायचं की नाही हे तिला ठरवता येईना. एकेचाळीस.

हुई. हुई.

दोन, बारक्या. चारी भिंतींनी त्यांच्या आठ केल्या, सोळा केल्या. पण आता त्या कुठून आल्या याला काही अर्थ नव्हता. त्या कधी आल्या एवढंच पुरे होतं. भार्गवीनं अंगठे सोडले. ड्रोन थांबला.

"दिसली म्हनाला," म्हाळसाबाई म्हणाली, आणि तिनं खोचलेला पदर सोडला.

स्क्रीन काळी होती. भार्गवीनं उजेड वाढवत नेला. काळ्याचा करडा झाला, करड्यातून एक उभी कपार निघाली, कपारीत तांबड्या मुंडाशाचा एक तुकडा, आणि त्याच्याखाली हवेत चाचपडणारा एक हात. चाळीस.

"अजिनाथ, मी मागे घेऊन सरळ वर आणते. वर आला की त्याच्या समोर काठावर काय आहे ते बघ."

"दोन बोरी. एक वाळल्याली. त्येंच्या मदोमद!"

"नक्की?"

"मॅडम, मोहोळच्या बाजारात म्या पाच वरसं लांबनं म्हशीचा मालक वळखलाय. नक्की."

ड्रोन उतरला तेव्हा बॅटरी एकोणतीस होती. तेवढ्यात माळावर लाल गाडी धूळ उडवत आली. उतरलेल्या माणसानं हेल्मेट घालता घालता तोच प्रश्न विचारला: "माणूस कुठल्या बाजूला?" आणि पाच जणांनी एकदम एकाच दिशेला बोट केलं.

त्यांनी त्या दोन बोरींपासून पंधरा पावलं बाजूला, पक्क्या दगडात पहार ठोकली. तिथून तिरकी शिडी आणि दोर सोडला. भार्गवी तिसऱ्या बॅटरीवर समोरून बघत राहिली आणि खाली उतरणाऱ्याला सांगत राहिली, डावीकडे, अजून खाली, थांबा, आता हात लागेल.

सव्वाबाराला धुळाप्पा वर आला. घोटा सुजून भोपळ्याएवढा, ओठ फुटलेले, मुंडासं तांबड्याचं करडं झालेलं, डोळ्यांत धूळ गच्च. झोळीतून त्याला सावलीत ठेवलं तेव्हा तो पहिलं बोलला ते असं: "दोन झाल्यात. दोन्ही जित्ती."

"याली त्ये ठावं हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "रातभर कुडकुडत बसलात, आनि घोंगडं तिला."

"तिला नको व्हय? याली व्हती की."

तिनं कळशी त्याच्या तोंडाला लावली. तो प्याला, ठसकला, पुन्हा प्याला. भार्गवीला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"बाबा, ड्रोन नेमका कधी दिसला तुम्हाला? समोरून जाताना की वळताना?"

धुळाप्पानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "काय दिसलं?"

"यंत्र. मशीन. गुणगुण करत आलं ते."

"गुनगुन व्हती, व्हय. चारी बाजूनं व्हती. म्हनलं माश्यांचं आग्यामव उटलं." त्यानं डोळे चोळले. "मशीन कुटलं?"

"मग दोन हाळ्या कशासाठी दिल्या?"

"हिनं मेंढरं सोडल्याची हाळी दिली. म्हनलं, ह्या खड्ड्यात मेंढरं कुटनं सोडली हिनं? डोस्कं फिरलं का म्हातारीचं? पन सोडली म्हनल्यावर गप बसाय नको?" त्यानं फुटलेले ओठ चाटले. "बसलो. डोळ्यात माती, दिसत तर कायच न्हवतं. उजेडाचा नुसता एक पट्टा. मग त्या पट्ट्यातनं काय तरी काळं गेलं. मेंढरू म्हनावं तर वर चालतंय, पाखरू म्हनावं तर हळू चालतंय. लई गोंदाळलो. म्हनलं, काय बी आसूं दे. दिली हाळी."

भार्गवी अजिनाथकडं पाहू लागली. अजिनाथ आकाशाकडं पाहू लागला. पारवे परत येऊन भिंतीत बसले होते, त्यांतला एखादा मिनिटभर आधी सावकाश त्या पट्ट्यातून गेला असता तर? किंवा गेलाच असेल तर? तिला ते विचारायचं होतं, पण कुणाला विचारायचं ते कळेना.

"आनि दुसरंच काय आसतं तर?" बिरप्पानं विचारलं.  "तात्या, आमी चुकीच्या जागी दोर सोडला आसता की!"

"आता ही सोडली म्हनती," धुळाप्पा म्हणाला, जणू बिरप्पाला एवढंही कसं कळत नाही, "तर कायतरी सोडलं आसंलच की."

स्ट्रेचर घेऊन आलेली माणसं घाई करू लागली. म्हाळसाबाईनं त्यांना हातानं थांबवलं. पदराचं टोक कळशीत बुडवलं आणि नवऱ्याचे डोळे पुसू लागली. एक कोपरा, मग दुसरा, पापणी उलटून आतली माती. तो कण्हला. तिनं सोडलं नाही.

"दिसतंय का आता?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

त्यानं बराच वेळ पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले.

"तूच. पन दोन दिसतायसा."

"ऱ्हाऊ दे दोन," ती म्हणाली. "एकीचं ऐकत न्हाय तुमी."